रानहाकचे नवे वार्ताहर

२२ मार्च २०२०, रविवार

आज जनता कर्फ्यू, वारंगा फाटा गप्प आहे. इतका, की थांब्याच्या पत्र्यावर चिमणी चालली तर तिची नखं ऐकू येतात.

पोरवयापासून मी या फाट्यावर आहे. आधी एस.टी.त चढून शेंगदाणे विकले, मग पेपर विकले, मग दुसऱ्याच्या पेपरची एजन्सी घेतली आणि शेवटी स्वतःचाच पेपर काढला. ‘दैनिक रानहाक’. चार पानी आहे, पण रोज आहे. लोक म्हणायचे, युसूफ, पेपर काढायचा तर हिंगोलीत काढ, नांदेडात काढ, फाट्यावर कुठं पेपर असतो? मी म्हणायचो, लिहायला शहर लागतं, पोचवायला फाटा लागतो. गठ्ठा कंडक्टरच्या हातात दिला की त्या गावचा पहिला चहा व्हायच्या आत पेपर टेबलावर. माझी सगळी हुशारी एवढीच.

आणि कान. गाडी वळणाच्या पलीकडं असतानाच मी सांगतो कोणत्या डेपोची आहे. वसमतची खिडक्या वाजवत येते, हदगावची चढावर खोकते. माणसाचंही तसंच. फोनवर ‘हॅलो’ म्हटल्याबरोबर जाहिरात मिळणार की नाही ते कळतं.

आज कानाला काही कामच नाही. शिवहारचा फोन आला. तो डोंगरकड्याचा, माझा एकुलता खरा बातमीदार. बाकी गावोगावचे आहेत ते जाहिरात आणतात आणि वाढदिवसाच्या बातम्या पाठवतात. शिवहार म्हणाला, “शेठ, हे एका दिवसाचं काम दिसत न्हाई.”

मी म्हणालो, “तू बातमी लिही बाबा. राशिभविष्य आपण दुसऱ्याकडून घेतो.”

२५ मार्च, बुधवार, पाडवा

परवापासून एस.टी. बंद. आजपासून देश बंद.

पाडव्याची रंगीत पुरवणी नांदेडहून छापून आठ दिवसांपूर्वीच आणली होती. वर्षभराचा जीव त्या पुरवणीत असतो. मोटारसायकलचं शोरूम, सराफ, साड्या, प्लॉट, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा. गठ्ठे ऑफिसात छतापर्यंत लागलेत. नव्या कागदाचा वास सुटलाय आणि वाटायला एक चाक नाही.

जाहिरातदारांना फोन केले. सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यातलं.

“पुरवणी झाली बरं का, झकास छापली.”

“वाटली का?”

“कशी वाटणार? गाड्या बंद.”

“मग?”

त्या ‘मग’नंतर माणूस गप्प राहतो. ही गप्प राहण्याची तऱ्हा मला चांगली ओळखीची आहे.

गौसियानं पुरवणीचं एक पान उचललं, स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं आणि म्हणाली, “मोटरसायकल का फोटू अच्छा आया जी.” माझी बायको वाईट बातमी अशी सांगते.

२ एप्रिल, गुरुवार

गावांनी शिवेवर काट्या टाकल्यात. दुधाच्या गाडीवर फाट्यावरचा अय्याज ड्रायव्हर म्हणून जातो, त्याच्याबरोबर काही गठ्ठे दिले होते. परत आले. कुरुंद्याचा एजंट फोनवर म्हणाला, “भाई, पेपरला कोणी हात लावून न्हाई राहिलं. त्याच्यातून कोरोना येतो म्हणतात. एकानं चिमट्यानं धरला, उन्हात वाळू घातला अन् दुपारून वाचला.”

“वाचला ना पण?”

“वाचला. उद्यापासून नको म्हणला.”

आता पानं मोबाइलवर पाठवतो. पेपर फुकट झाल्यावर वाचणारे इतके वाढले की विचारू नका. सकाळपासून फोन करून चुका काढतात. विकत घेत होते तेव्हा आतल्या पानावर कोणी जात नव्हतं.

छपाईचं मशीन मात्र बंद केलेलं नाही. रोज थोडे अंक काढतो, फाइलपुरते. सरकारी जाहिरातींच्या यादीत नाव ठेवायचं तर पेपर रोज निघालेला दिसला पाहिजे. मशीन सुरू होतं, पुरती लय धरायच्या आत थांबतं. जेवायला बसलेल्याला एका घासावर उठवल्यासारखं वाटतं. कागदाचं शेवटचं बंडल फोडलंय.

९ एप्रिल, गुरुवार

धर्मसिंग आला होता. याचे केळीचे टेम्पो आहेत, गडी बोलायला मोकळा. लांब उभा राहून तोंडाला रुमाल बांधून म्हणाला, “भाई, मला पत्रकार करा.”

“काहून? केळी संपली का?”

“केळी लई हायेत. रस्ता न्हाई. मालाला सूट हाये म्हणतात, पण नाक्यावर उतरवतात, कागद बघतात, काठी आपटतात. काल शिवहार माझ्या म्होरून गेला. गळ्यातलं कार्ड नुसतं वर केलं अन् सुटला. मी तिथंच, केळी पिकवत.”

“त्याला ते कार्ड कमवायला पंधरा वर्षं लागली.”

“मला पंधरा मिनिटं लागतील. वर्षाची जाहिरात आत्ता देतो. पैल्या पानावर, रोज. पैसे आगाऊ.”

आगाऊ हा शब्द या महिन्यात मी पहिल्यांदाच ऐकला. म्हणालो, एक अट आहे. दर आठवड्याला एक बातमी द्यायची. तो हसला. मी नाही हसलो. बातमी देतो तो वार्ताहर, मग कार्ड खोटं कसं? आणि आमच्यासारख्या लहान पेपरांत ही चाल जुनीच आहे. गावचा वार्ताहर पगार घेत नाही, जाहिरात आणतो, कमिशन ठेवतो. मी नवीन काहीच केलं नाही, फक्त क्रम बदलला.

कार्डावर ‘विशेष प्रतिनिधी’ लिहिलं. नुसतं प्रतिनिधी त्याला हलकं वाटत होतं. संध्याकाळी कागदाची नवी बंडलं आली.

१६ एप्रिल, गुरुवार

फाट्यावर गाड्या नाहीत, पण माणसं येऊन राहिलीत. कुरुंद्याचा हळदीचा व्यापारी, एक मेडिकलवाला, एक मांडववाला. मांडववाल्याला विचारलं, लग्नं बंद आहेत, तुला कुठं जायचंय? म्हणाला, “बायको माहेरात अडकली भाई, तेवढी आणतो.” त्यालाही दिलं. संसाराचं काम आहे.

कार्डांसाठी लाल नाडी मागवली होती, ती संपली. आता पायजम्याची पांढरी नाडी लावतो.

धर्मसिंगची पहिली बातमी आली: ‘डोंगरकडा परिसरात यंदा केळी चांगली आली असून व्यापाऱ्यांनी भाव पाडून मागू नये.’ जशीच्या तशी छापली, ‘विशेष प्रतिनिधीकडून’.

शिवहारचा फोन. “शेठ, विशेष प्रतिनिधी कोण हाये?”

“आहे एक नवीन.”

“मी पंधरा वर्षं झाले नुसताच प्रतिनिधी हाये.”

मी मोठ्यानं हसलो. त्याचं हसू ऐकू आलं नाही. रेंज खराब असावी.

२३ एप्रिल, गुरुवार

पंचफुलाबाई आली. ही मेंढरंवाली. दर उन्हाळ्यात तिचा कळप या बाजूनं जातो, तेव्हा ती आमच्या ऑफिसात मोबाइल चार्ज करायला लावते आणि उंबऱ्यावर बसून तंबाखू मळते. घरधनी रामकिशन तिकडं मेंढरांपाशी. औंदा कोणतंही गाव त्यांना शिवेच्या आत घेईना. रात्री शेतात मेंढरं बसवायला एरवी शेतकरी बोलवायला येतो, खत मिळतं म्हणून. आता लांबूनच दगड दाखवतात.

माझ्या टेबलावरची कार्डं पाहून म्हणाली, “ते गळ्यातलं मलाबी द्या, दादा. पाण्यावर जाताना पोलीस हाकलतात.”

“बाई, हे पत्रकाराचं आहे.”

“मग? मी रोज इतकी गावं हिंडते. तुमचे पत्रकार हिंडतात का?”

हिच्याकडून जाहिरात काय घ्यायची? कोकराची जाहिरात थोडीच देणार. पण अट सांगितली. दर गुरुवारी एक बातमी, फोनवर. ती तंबाखू थुंकून आली आणि तिनं गंभीरपणे विचारलं, “खोटी चालल का?”

“नाही.”

“मग अवघड हाये. पण देते.”

३० एप्रिल, गुरुवार

रोजे सुरू आहेत. दिवस मोठे, घसा कोरडा. पण रोज दुपारी थोडं तरी मशीन चालवतो. कागद आहे, शाई आहे, वीजबिल भरलंय. जिल्ह्यात कितीतरी पेपर बंद पडले म्हणतात. रानहाक निघतोय. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

एक गोष्ट. शिवहारच्या मोटारसायकलचा मागचा मडगार्ड ढिला आहे. फट्‌ फट्‌मध्ये एक टण्‌ असतो. रोज सकाळी डोंगरकड्याकडून तो टण्‌ यायचा, फाट्यावर चहा, मग कळमनुरीकडं जायचा. चार-पाच दिवस झाले, आवाज नाही. बातम्या मात्र येतात, आणि पूर्वीपेक्षा चांगल्या. शाळेत ठेवलेल्या माणसांच्या जेवणाची बातमी त्यानं इतकी बारकाईनं दिली की तहसीलातून फोन आला.

पेट्रोलचा वांधा असेल. किंवा दुसऱ्या रस्त्यानं जात असेल. मी दोन महिन्यांचा पगार दिलेला नाही, त्यामुळं चहाला थांबायची लाज वाटत असेल. लाज खरं तर मला वाटायला पाहिजे, पण गडी स्वभावाचा हळवा आहे.

७ मे, गुरुवार

पंचफुलाबाईचा फोन बराबर गुरुवारी येतो. सगळ्या नव्या वार्ताहरांत ही एकटीच अट पाळते. मेडिकलवाला एकदा ‘नागरिकांनी मास्क वापरावा’ असं पाठवून मोकळा झाला. मांडववाला बायको आणून बेपत्ता आहे.

“दादा, लिहा. आज कायबी झालं न्हाई.”

“ही बातमी नसते बाई.”

“खरी हाये पण. खोटी नको म्हणले न्हवते का तुमी?”

कार्ड चाललं का विचारलं. म्हणाली, “पोलिसानं उलटं धरून पाहिलं. म्हणला, बाई, तुला लिहिता येतं का? मी म्हणलं, तुला मेंढरं राखता येतात का? हसला अन् सोडलं.”

शिवहारशीही बोलणं झालं. धापा टाकत होता. मागं टिटवी ओरडत होती, वारा होता. “रानात काय करून राहिला?” म्हटलं.

“चाललोय शेठ, जरा.”

“मजा आहे तुझी. आम्ही इथं पत्र्याखाली भाजून राहिलो.”

तो “व्हय” म्हणाला.

१४ मे, गुरुवार

पंचफुलाबाईची आजची बातमी: “एक पत्रकार पायी हिंडून राहिला.”

“कोणत्या गावाला?”

“गाव न्हाई. रानातून. बांधाबांधानं. दोन बारी दिसला. खांद्याला पिशवी, हातात चप्पल. पायाला फोड आलते. यांनी ताक दिलं. म्हणला, मावशी, नाक्यावरून सोडत न्हाईत.”

“कशावरून पत्रकार?”

“गळ्यात तुमच्यावानी होतं की. पण लाल दोरीचं. जुनं.”

दुसऱ्या कोणत्या तरी पेपरचा असेल बिचारा. मोठ्या पेपरांनीही माणसं कमी केलीत म्हणतात. ही बातमी छापली नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला काढा?

इफ्तारीच्या वेळी गौसियाला गंमत म्हणून सांगितलं. तिनं खजूर हातातच धरला. म्हणाली, “तुम इत्ता सुनते, फिर भी नै सुनते.”

रोज्यानं तिचं डोकं चढलं असावं.

२५ मे, सोमवार, ईद

नमाज घरातच. शिवहार आला नाही. त्याच्या लग्नाआधीपासून तो ईदला आमच्याकडं येतो, शीरखुर्मा पिऊन वाटी उलटी करून दाखवतो. गौसियानं अय्याजच्या गाडीवर डबा पाठवला.

धर्मसिंग आला. सुक्या मेव्याचा पुडा आणला. “भाई, आपला पेपर जोरात हाये,” म्हणाला. आपला म्हणाला. चांगलं वाटलं, खोटं कशाला लिहू. आता त्याच्या जाहिरातीवरच कागद येतो.

२७ मे, बुधवार

डबा परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही ही इकडची रीत, म्हणून त्यानं अंबाडीची ताजी, न निवडलेली भाजी घालून पाठवली. गौसियानं भाजी ताटात उपडी केली तर तळाला शिवहारचं कार्ड. लाल नाडी नीट गुंडाळलेली.

सोडून गेला म्हणायचं. दुसऱ्या कोणी जास्त देतो म्हटलं असेल. पगार थकवला, माझीच चूक. पण असं डब्यातून?

गौसिया अंबाडी निवडत बसली.

२८ मे, गुरुवार

सकाळी शिवहारची बातमी आली. नेहमीसारखी, फोटोसकट. खाली नाव. राजीनामा देतो आणि बातमीही पाठवतो, हा कसला राजीनामा?

छापली.

४ जून, गुरुवार

सकाळी पोलीस साहेबांचा फोन. गोड आवाज. साहेब लोकांचा आवाज गोड असला की मी खुर्ची सोडून उभा राहतो.

“युसूफशेठ, तुमचे विशेष प्रतिनिधी आमच्याकडं बसलेत. केळीखाली गुटख्याची पोती निघाली. कार्डावरची सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“बरं. तुमच्या पेपरचे किती जण आहेत हो? मेडिकलवाला तुमचा, हळदवाला तुमचा, एक मेंढरंवालीही तुमची. या सगळ्यांना सोडून सोडून आमची पोरं वैतागली. एकजण तर दीड महिन्यापासून डोकं खातो, मी खरा आहे म्हणतो. आमची पोरं म्हणाली, सगळेच खरे आहेत. गाडी जमा करून घेतली तर पायी यायला लागला. नाक्यावरून माघारी धाडला तर रानातून येतो. मला एवढंच सांगा, तो तुमचा आहे का?”

मी म्हणालो, “आहे.”

“मग कोण खोटा आहे?”

फोन ठेवला तरी उभाच होतो. टिटवी, वारा, धाप. लाल दोरी. सगळं माझ्या कानावरून गेलेलं. सगळ्यांच्या गाड्या ओळखणारा मी, आणि माझ्याच माणसाच्या गाडीचा आवाज बंद झाला तेव्हा पेट्रोलचा वांधा म्हणालो. लाल नाडी संपली तेव्हापासून त्याचं कार्डही संपलं होतं. मीच संपवलं होतं.

आणि पंचफुलाबाईची ती बातमी खरी होती. या सगळ्या दिवसांत माझ्या पेपराला आलेली ती सगळ्यात मोठी बातमी, आणि मी ती छापली नाही.

४ जून, संध्याकाळ

शिवहारची बातमी आली. मथळा: ‘रानहाकच्या वार्ताहराच्या टेम्पोत गुटखा’. आत सरळ मजकूर. टेम्पो कुठं अडवला, केळीच्या घडांखाली पोती कशी लावली होती. शेवटी: ‘सदर इसमाकडे या दैनिकाचे ओळखपत्र आढळले.’ एक शब्द जास्त नाही, एक शिवी नाही. शिवी असती तर बरं झालं असतं.

खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: ‘शेठ, छापायची की नाही ते तुमी ठरवा. मी पाठवली.’

बातमी दाबून ठेवलीय. आज पान लावलं त्यात पावसाचा अंदाज टाकला.

५ जून, शुक्रवार

धर्मसिंग जामिनावर सुटून सरळ ऑफिसात आला. बसला. आज रुमाल नव्हता.

“भाई, चूक झाली. ड्रायव्हरनं केलं, मला म्हाईत न्हवतं.”

“केळीच्या खाली पोती. तुझ्या टेम्पोत. तुला माहीत नव्हतं.”

तो हसला. “बरं, होतं. पण तुमालाबी म्हाईत होतं ना भाई, की मी पत्रकार न्हाई?”

मी पुढ्यातली पानं सारखी केली. तोच पुढं बोलला, “मी धमकी देत न्हाई. मी तुमचा माणूस हाये. पण विचार करा. हे छापलं तर मी जाहिरात बंद करणार, मला करावीच लागल. बाकीचे कार्डं परत करतील, पैसे मागतील. कोणत्या कागदावर काढणार पेपर? न्हाई छापलं तर चार दिवसांत लोक इसरतील. लोकायला सध्या लई कामं हायेत.”

हिशेब बराबर होता. माझ्याच डोक्यातला हिशेब तो मला ऐकवत होता.

तो गेल्यावर मी पान लावायला बसलो. मधला मार्ग काढला. मथळ्यातलं ‘रानहाकच्या’ खोडलं आणि ‘एका स्थानिक दैनिकाच्या’ लिहिलं. शेवटचं वाक्य काढलं. बातमी जातेय, नावही राहतंय. बरं वाटलं.

गौसिया पाणी घेऊन आली. तिला मराठी अक्षरं सावकाश लागतात. बोट ठेवून वाचलं.

“ये ‘एका’ बोले तो किसके?”

“असेल कोणाच्या तरी.”

“सारे जिल्हे को मालूम है. तुमकोच नै मालूम क्या?”

मी म्हणालो, “आणि उद्या खायचं काय?”

“शादी हुई तब तुम बस में शेंगदाने बेचते थे. मैं ने पूछा था क्या?”

आत निघून गेली. मी मथळा परत होता तसा केला. शेवटचं वाक्य घातलं. खाली चौकट टाकली: ‘रानहाकने मार्चनंतर दिलेली सर्व ओळखपत्रे रद्द करण्यात येत आहेत. ती ज्यांना दिली ते वार्ताहर नव्हते. हे संपादकास माहीत होते.’ शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

मशीन सुरू केलं. आज पुरती लय धरेपर्यंत चालवलं, जितका कागद होता तितका.

११ जून, गुरुवार

धर्मसिंगनं सांगितलं तसंच झालं. जाहिराती गेल्या. हळदवाल्यानं पैसे मागितले, मेडिकलवाल्यानं मागितले. मांडववाल्यानं मागितले नाहीत. म्हणाला, “बायको आली भाई, माझं काम झालं.”

रद्द कार्डांची यादी घेऊन नाक्यावर गेलो. शिवहारची मोटारसायकल कडुनिंबाखाली उभी होती, सीटवर पानं पडलेली. साहेब म्हणाले, “हे आधी केलं असतं तर?” मी यादी त्यांच्या टेबलावर ठेवली. गाडी ढकलत पंपापर्यंत नेली आणि डोंगरकड्याला पोचवली. शिवहार घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, “भाजी घेऊन गेलेत. हातगाडीवर. ठेवा तिथं.” चहा विचारला नाही. उंबऱ्यावर थकलेला पगार ठेवला. नांदेडच्या माणसाला माझं मशीन पसंत पडलं, त्याचे हे पैसे.

घरी आलो तर पंचफुलाबाईचा फोन.

“दादा, लिहा. काल वावटळ सुटली, पालाचं कापड उडालं, बाभळीवर गुतलं.”

“बाई, तुमचं कार्डही रद्द झालं. आता बातमी द्यायची गरज नाही.”

“कार्ड तर कोकरानं कवाच खाल्लं. गुरुवार हाये म्हणून फोन केला.”

२ जुलै, गुरुवार

रानहाक आजपासून साप्ताहिक. गुरुवारी निघेल. छपाई दुसऱ्याच्या मशीनवर. पहिल्या पानावर कोणाचीच जाहिरात नाही. शेवटच्या पानावर पंचफुलाबाईची वावटळ, तीन ओळी, तिच्या नावानं. शिवहारला अंक पाठवला. उत्तर नाही.

ऑफिस फार मोठं वाटतं. मशीन होतं तिथं फरशीवर तेलाचा चौकोन राहिलाय.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज एस.टी. सुरू झाली.

आवाज वळणाच्या पलीकडूनच आला. खिडक्या वाजत होत्या. वसमतची. मी गठ्ठा घेऊन उभा होतो. कंडक्टर ओळखीचा, पण तोंड झाकलेलं. गठ्ठा त्याच्या हातात द्यायला वर केला आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःच चढलो. गाडीत माणसं थोडी, एका सीटवर एक. पेपर हातात धरून हाक दिली, “रानहाक! या आठवड्याचा रानहाक!” मास्कमधून आवाज घोगरा निघाला. एक म्हातारा म्हणाला, “शेठ, तुमी विकून राहिले?” म्हटलं, “जुना धंदा आहे, बाबा.” त्यानं अंक घेतला. हातानं घेतला, चिमट्यानं नाही.

पुढं गाडी बदलून डोंगरकड्याला उतरलो. थांब्यापाशी शिवहारची हातगाडी होती. दोडकी, वांगी, मिरच्या. तो मला पाहून उठला नाही, तराजूशी काहीतरी करत राहिला. मी अंक पुढं केला. त्यानं गल्ल्यातून पाच रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. गिऱ्हाईक होतं ते.

उभ्या उभ्या त्यानं सगळा अंक वाचला. आतलं पानही. मग म्हणाला, “कुरुंद्याला खताची लाइन सोमवारी लागली होती. तुमी बुधवार छापलं.”

“फोनवर कोणी तरी सांगितलं.”

“फोनवर कसं कळणार?” त्यानं घडी घातली, वांग्यांवर ठेवली. नंतर म्हणाला, “तुमी नाव छापलं ते वाचलं मी. त्या दिवशीच.”

मी वाट पाहिली. तो एका बाईला मिरच्या तोलून देऊ लागला. परतीची गाडी आली म्हणून निघालो. खिशात त्याचं कार्ड होतं, लाल नाडीचं. काढलं नाही. कोणत्या तोंडानं काढणार?

२४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ऑफिस झाडत होतो. डोंगरकड्याच्या अंगानं मोटारसायकल आली. फट्‌ फट्‌, मध्ये टण्‌. मडगार्ड अजून ढिलाच आहे.

पूर्वीचा मी असतो तर झाडत राहिलो असतो, आवाजावरून सगळं सांगितलं असतं. आज केरसुणी टाकली आणि दारात जाऊन पाहिलं.

तोच होता. मागं भाजीची रिकामी टोपली बांधलेली, खांद्याला जुनी बातमीदारीची पिशवी. चहाला थांबला नाही. फाट्यावर गाडी जरा हळू केली, माझ्याकडं पाहिलं आणि कुरुंद्याच्या रस्त्याला लागला.